निरोगी पानावरचे लाल ठिपके

"आधी निरोगी रोपांकडे जायचं, मग आजारी रोपांकडे. उलट फिरलीस तर कोपरापर्यंत हात धुवायचे," असं हरितगृह सांभाळणाऱ्या काकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती हसली होती. "काका, मी विषाणूंवरच तर काम करते."

खरं तर हात धुण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरी आठ महिन्यांच्या लेकीला घ्यायचं तर नवऱ्यालासुद्धा आधी बेसिनपाशी हजेरी लावावी लागे. सासूबाई नळ सोडता सोडता म्हणत, "मी तीन मुलं न धुतलेल्या हातांनी वाढवली. त्यातला एक तर तू बघून पसंत केलास."

प्रयोगशाळेत तिचं काम एकच. टोमॅटोच्या पानाच्या पेशीत शिरल्यावर विषाणू नेमका कुठे मुक्काम ठोकतो, ते शोधायचं. पानाचा तुकडा घ्यायचा, विषाणूचं प्रथिन हिरव्या रंगाने आणि त्याचा आरएनए लाल रंगाने चमकवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून बसायचं. आजारी पानांत दोघंही पेशींच्या भिंतींमधल्या बारीक वाटांपाशी जोडीने सापडत. निघतो निघतो म्हणत दारातच तासभर गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांसारखे. फरक एवढाच, की हे पाहुणे तिथून थेट शेजारच्या घरात घुसत.

आता एकच चित्र उरलं होतं, निरोगी पानाचं. त्यात काहीच चमकायला नको, तरच बाकीची चित्रं खरी. शुक्रवारी प्रयोगशाळेचे प्रमुख सर ते बघणार आणि तिला आणखी वर्षभर ठेवायचं की नाही, ते ठरवणार.

बुधवारी तिने निरोगी पान सूक्ष्मदर्शकाखाली लावलं. दारोदार लाल ठिपके, त्यांना खेटून हिरवे. तिने रंग बदलला, बाटली बदलली, कुंडी बदलली. निरोगी म्हणून ठेवलेल्या सहाही कुंड्यांत पाहुणे हजर. पंधरा मिनिटं तिला वाटलं, आपल्याला काहीतरी जगावेगळं सापडलंय. सत्कारात काय बोलायचं तेही ठरलं. मग शुक्रवार आठवला आणि ती काकांकडे धावली.

"सकाळी आल्यावर आधी कुठे जातेस?" काकांनी विचारलं.

"दाराजवळच्या मांडणीकडे. लेक गळा सोडत नाही, उशीर होतो, म्हणून जवळचं आधी."

"ती आजारी. मग?"

"मग आतली."

"ती निरोगी. म्हणजे होती. लेकीला उचलण्याआधी हात धुतेस?"

"दोनदा."

"आणि यांना?"

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

काकांनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आत चार टवटवीत रोपं, पुढे पाटी: हात लावू नये. "पहिल्याच आठवड्यात तुझा फेरा बघितला आणि ही वेगळी काढली. सांगून ऐकणाऱ्यातली तू वाटली नाहीस. चल, साबण घे. मी शंभर मोजतो." सत्तरला ती थांबली, तर त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

त्यातल्या एका रोपाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली काळंकुट्ट निघालं. ठिपका म्हणून नाही. काहीच न दिसल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

शुक्रवारी तिने सगळी चित्रं सरांपुढे मांडली. "ही सहा रोपं माझ्या हाताने आजारी पडली," असंही सांगून टाकलं. सरांनी चष्मा पुसून ती चित्रं पुन्हा बघितली. "राहा वर्षभर," ते म्हणाले, "पण हरितगृहात काका तुझे सर."

मुदतवाढीच्या कागदावर सही करतानाच तिला तिच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या आजी आठवल्या. त्यांच्या गॅलरीत टोमॅटोच्या कुंड्या आहेत. रोज संध्याकाळी घरी चढण्याआधी, आजींशी गप्पा मारता मारता, ती त्यांचे फुटवे खुडत आली आहे. आणि आठवडाभर आजी म्हणतायत, पानं चितकबरी झालीत, पाणी कमी पडत असेल.

तिला अजून त्यांच्या दारात जायचा धीर झालेला नाही. म्हणून तुम्हालाच तिची विनंती आहे. त्या बाजूला गेलात, तर तळमजल्यावर उजवीकडची बेल वाजवा. आजी एकट्या असतात, टोमॅटोंशी बोलतात. त्या कशा आहेत, ते बघून या, आणि पानंही. हात लावायची वेळ आलीच, तर आधी शंभर मोजा.