बाईसाहेबांचं बाळंतपण

"ओढू नका. काहीही झालं तरी ओढायचं नाही," डॉक्टरीणबाई फोनवरून पुन्हा पुन्हा बजावत होत्या. "किती बाहेर आलीत?"

"पाच... नाही, सहा. एक खाली दडलंय," मास्तर म्हणाले. फोन पलंगावर टाकून त्यांनी स्पीकर लावला होता, कारण दोन्ही हात काचेच्या पेटीत होते. खडूच्या रेघेवरून केसभर न ढळता कात्री चालवणारा हा शिंपी, पण आज बोटं त्यांचं ऐकायला तयार नव्हती.

पेटीत बाईसाहेब निपचित पडल्या होत्या. बाईसाहेब म्हणजे मास्तरांच्या बायकोनं पाळलेली बोआ. अजगराच्या नात्यातली, बिनविषारी, मनगटाएवढी जाड आणि पलंगाएवढी लांब. हे साप अंडी न घालता सरळ पिल्लंच देतात, हे मास्तरांना आजवर ठाऊक नव्हतं. चिकट पाण्यात वीत-दीड वीत लांबीची पिल्लं वळवळत होती. आईच्या शेपटीच्या जरा वर एक गाठ आली होती आणि ती मघापासून तसूभरही सरकलेली नव्हती.

मेहुणी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. ती सकाळी आली होती गेलेल्या बहिणीचं कपड्यांचं कपाट रिकामं करायला. मास्तर खाली दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेत असताना वरून तिची किंकाळी आली आणि गिऱ्हाईक गळ्यात टेप घेऊन तसंच उभं राहिलं.

"जेवण कधीपासून सोडलं होतं हिनं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमची ही गेली तेव्हापासून. फार दुःख केलं हो तिनं."

पलीकडे कुठलं तरी कुत्रं केकाटलं.

"मास्तर, दुःख नाही. गाभण होती ती. गाभण असली की खात नाहीत. नर आणला होता का कुणी?"

तेव्हा मास्तरांना पाहुणा आठवला. बायको चांगली हिंडतीफिरती होती तेव्हा तिच्या ओळखीच्या एकानं आपला साप त्यांच्याकडे ठेवला होता. "बाईसाहेबांकडे पाहुणे आलेत, आज आपण लवकर दिवे घालवू या," असं ती हसत हसत म्हणाली होती. मास्तरांना वाटलं होतं, तो माणूस बाहेरगावी गेला असेल.

"पेटीवर उबेचा दिवा आहे ना?"

दिवा मागच्या खोलीत होता, पेटीच्या जुन्या जागी. बायको गेल्यावर त्यांनीच पेटी आपल्या पलंगाशेजारी आणली होती, बाईसाहेबांना एकटं वाटू नये म्हणून. दिव्याची वायर इथवर पोचत नव्हती.

"मग गारठली असणार ती. कळा द्यायला अंगात जोर राहत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता रडत बसू नका. टबात कोमट पाणी घ्या, तिला त्यात ठेवा, डोकं वर राहू दे. पिल्लांना ओल्या सुती कापडानं पुसा. मऊ हवं बरं का, जुनं, धुतलेलं. माझ्यासमोर एक कुत्रा टेबलावर आहे. त्याला टाके घातले की निघालेच."

फोन बंद झाला. आपणच मारलं हिला, एवढं एकच मास्तरांच्या डोक्यात घुमत होतं.

"कोमट म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"बाळाच्या अंघोळीला लागतं तितकं," मेहुणी म्हणाली आणि टब भरून तिनं त्यात कोपर बुडवून पाहिलं. "चालेल. पण तोंडाची बाजू तुमची हं भावोजी. तिकडे मी येणार नाही, आधीच सांगून ठेवते."

मास्तरांनी बाईसाहेबांना दोन्ही हातांवर तोलून पाण्यात उतरवलं आणि डोकं टबाच्या कडेवर टेकवलं. मग कापडासाठी ते खाली धावले. आणि भर दुकानात, कापडाच्या ताग्यांमध्ये उभे राहून त्यांना काही सुचेना. सगळं कोरं, खळीचं. चिमटीत धरलं तर कागदासारखं वाजणारं. पिल्लांची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक. टॉवेल खरखरीत. त्यांचे स्वतःचे शर्ट झाडून सगळे टेरीकॉटचे, कारण दिवसभर लोकांचे कपडे इस्त्री करणाऱ्याला घरी इस्त्री धरवत नाही. ते रिकाम्या हातांनी वर आले.

"ताईचा गाऊन," मेहुणी म्हणाली.

मास्तर जागच्या जागी थांबले. सकाळी या गाऊनवरूनच वाजलं होतं. "बाकीचं सगळं ने, तो नको. बाईसाहेबांना तिचा वास लागतो," असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. झोपताना ते तो गाऊन पेटीत घालायचे आणि सकाळी परत कपाटात टांगायचे. आल्यागेल्यालाही ते हे सांगायचे आणि लोक हळहळायचे, मुक्या जीवाला कळतं हो सगळं, म्हणायचे. मुक्या जनावराच्या दुःखापुढे कोण काय बोलणार? मेहुणीनंही सकाळी माघार घेतली होती.

तो त्यांनीच शिवलेला गाऊन होता, समोर निळी बटणं असलेला. धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. मास्तर तो घेऊन पलंगावर बसले. आधी एकेक बटण कापून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं. कपडा मोडायचा तर बटणं वाचवायची, ही हाताला लागलेली सवय. मग त्यांनी डोळे मिटले नाहीत की उसासा टाकला नाही. सरळ कात्री लावली.

दोघं मिळून पिल्लं पुसू लागली. मेहुणीनं पहिलं पिल्लू उचललं तेव्हा तिचं सगळं अंग शहारलं, दुसऱ्याला ती "अरे हो, हो, किती घाई" म्हणाली. टबात मात्र गाठ तिथंच होती. बाईसाहेबांच्या अंगावरून मधूनच एक बारीक लाट जायची आणि गाठीपाशी येऊन विरायची. मास्तर पाण्यात हात घालून बसले होते. गाठीवर जरा दाबावं, असं शंभरदा मनात आलं आणि शंभरदा त्यांनी बोटं मागे घेतली.

"मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून..." ते टबाकडे बघत म्हणाले. "ही जेवत नाही, मीही जेवत नाही. म्हटलं, कुणाला तरी माझ्याइतकं वाटतंय. आणि हिला काहीच नव्हतं गं. मी आपला एकटाच."

मेहुणीच्या हातातलं कापड थांबलं.

"एकटेच?" ती म्हणाली. "माझी बहीण होती ती, भावोजी. मी इथं येऊन बसायची आणि तुम्ही मला या सापाचं दुःख सांगायचात. माझं कधी विचारलंत?"

तिच्या स्वेटरचं मधलं बटण तुटलेलं होतं. ते त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. दुसरं काहीच पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली.

डॉक्टरीणबाई आल्या त्या अंगावर डागाळलेला ॲप्रन तसाच ठेवून. टबाशी उकिडव्या बसल्या, गाठीवरून बोटं फिरवली, पुन्हा एकदा फिरवली.

"आत आडवं बसलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "हे जिवंत नाही. पण मागे आणखी आहेत. तुम्ही तिला धरा, हलू देऊ नका."

तेल लावून त्या तसू तसू सरकवत राहिल्या. मास्तरांनी बाईसाहेबांचं डोकं तळहातावर घेतलं होतं. मेहुणी त्यांच्या खांद्याशी येऊन उभी होती, तोंडाच्या बाजूलाच. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाणी निवलं, बदललं, पुन्हा निवलं. आणि मग वळकटी होऊन बसलेलं ते मेलेलं पिल्लू एकदम पाण्यात आलं. त्याच्यामागून एक जिवंत, आणि जरा वेळानं आणखी एक.

"आई वाचेल ना?" मास्तरांनी विचारलं.

"दिव्याखाली ठेवा. खाल्लं, तर वाचली म्हणायचं."

पेटी मागच्या खोलीत गेली. मास्तरांनी मेलेलं पिल्लू गाऊनच्या बाहीत गुंडाळून मागच्या अंगणात पुरलं. मेहुणी रोज येऊ लागली. पिल्लं बघायला येते म्हणायची, पण आधी पेटीपाशी जाऊन बाईसाहेबांसमोरचा मेलेला उंदीर तसाच पडलाय का ते बघायची. तो तसाच पडलेला असायचा. मास्तर दुकानातून हाक मारायचे, "काय?" आणि ती वरून म्हणायची, "नाही अजून." मग मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

एका दुपारी हाक मारायच्या आधीच ती जिना उतरून आली. "भावोजी, खाल्लं. पोट फुगलंय."

मास्तर वर जाऊन बघून आले. बाईसाहेब दिव्याखाली वेटोळं घालून स्वस्थ पडल्या होत्या. त्यांना मास्तरांशी काही देणंघेणं नव्हतं. खाली येऊन त्यांनी सुईत दोरा ओवला.

"इकडे ये. उभी राहा अशी."

"काय झालं?"

"हलू नकोस, टोचेल."

तिच्या स्वेटरवर, तुटलेल्या बटणाच्या जागी, त्यांनी तेव्हापासून खिशात बाळगलेल्यांतलं एक निळं बटण लावायला घेतलं. तिनं मान खाली घालून पाहिलं आणि तिला ते ओळखू आलं.

"बाकीच्यांशी मिळत नाहीये हे," ती हळूच म्हणाली.

"असू दे," मास्तर म्हणाले आणि दोऱ्याला गाठ मारून तो त्यांनी दातांनी तोडला.