आठ नावं, एक हस्ताक्षर

मी एक जुनं मस्टर आहे, मित्रांनो. डोंबिवलीतल्या एका पतपेढीचं हजेरीपुस्तक. पाठीला लाल कापड आणि पोटात आठ कर्मचाऱ्यांची नावं.

कारकून मालनताई रोज सकाळी मला टेबलावर उघडून ठेवायच्या. करोना आला आणि माणसं मला भिऊ लागली. पेन एक, हात आठ! मग जो तो दारातूनच ओरडे, "आलो हो!" आणि मालनताई त्याच्या नावापुढे सही ठोकून देत. शिपाई महिपतकाका म्हणायचे, "ताई, माझी सही माझ्यापेक्षा तुम्हालाच झकास जमते." सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं.

संचालकांनी महागाई भत्ता बंद केला. म्हणे, साथीत कामावर येत होतं कोण? साथ सरली तरी भत्ता काही परत आला नाही. आठही जण ठाण्याच्या कामगार न्यायालयात गेले. पुरावा म्हणून फक्त मी.

पतपेढीच्या वकिलांनी मला न्यायाधीशबाईंपुढे उघडलं. "मॅडम, माणसं आठ आणि अक्षर एक! मस्टरच खोटं आहे."

साक्षीला मालनताई उभ्या होत्या. नाकारावं तर खोटं पकडलं जाऊन दावा बुडणार, कबूल करावं तर नोकरीवर गदा. माझं पान न् पान आकसलं.

"हो, सह्या माझ्याच," त्या म्हणाल्या. "पेनाला मीपण घाबरायचे. पण कुणीतरी धरायला हवं होतं ना?"

"म्हणजे न आलेल्यांच्याही केल्या असणार!"

"जुलै बघा ना, साहेब."

न्यायाधीशबाईंनी पान उलटलं. चौदा दिवस महिपतकाकांचं वेडंवाकडं अक्षर, आणि मालनताईंच्या नावापुढे 'आजारी'.

"मला करोना झालेला. नंतर माझ्याही सह्या करून टाकता आल्या असत्या. नाही केल्या."

न्यायाधीशबाईंनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि ही रोजची सही?"

पतपेढीच्या बाजूला बसलेले मॅनेजर सुधीरसाहेब सावकाश उठले. "माझी."

"मग माणसं दिसत होती की नव्हती?"

सुधीरसाहेबांनी एकवार मालनताईंकडे पाहिलं.

"दिसत होती," ते म्हणाले.

भत्त्याची कपात रद्द झाली. मालनताईंना मात्र पतपेढीनं लेखी ताकीद दिली. "घ्या! नोकरी राहिली हेच खूप," म्हणत त्यांनी ती पर्समध्ये टाकली.

मित्रांनो, जुनी मस्टरं रद्दीत द्यायची घाई करू नका. आणि आपली सही आपणच करा. तुमच्यासाठी पेन धरणारं माणूस दर वेळी इतकं ताठ उभं राहीलच, असं नाही. राहिलंच, तर त्याला एकटं सोडू नका.