न झालेला ड्रेस

"गोलाईच्या कापडबाजारात शिरल्यावर पहिल्या दुकानात पाय ठिवू नका. ते पिशवी बघून गावाकडचं माणूस वळखतेत आन् भाव चढवतेत," तोंडातल्या टाचण्या काढत मी म्हटलं. "आत जावा, मधल्या गल्लीत. कापडाचा कोपरा ओला करून चोळायचा. रंग बोटाला आला की उठायचं. चहा पाजला तरी उठायचं!"

उज्वलाबाई मान डोलवत होत्या. त्या अर्धापूरच्या, घरची केळीची बाग. लेक गोदावरीला डॉक्टरीच्या क्लासला घालायला लातूरला आल्या होत्या. जून लागला की आमच्या गल्लीत अशा मायलेकींची रीघ लागते. आधी क्लास, मग हॉस्टेल, मग माझं दुकान. मी रजिया, लेडीज टेलर. कपडे शिवते आणि सल्ले फुकट देते. खरं सांगू, शिवणापेक्षा सल्ल्यांचाच मला जास्त गर्व होता.

"आन् जेवणाचं कसं करावं, भाभी?"

"जिथल्या पोरी दुसऱ्यांदा वाढून घेतेत त्या मेसला नाव लावा. पाट्या कितीबी मोठ्या लावू द्या. रविवारी रातची मेस बंद असती, तवा कोपऱ्यावरच्या गाड्यावर चुरमुऱ्याची सुशीला खायची, वरून शेंगदाणे मागून घ्यायचे. आन् तर्रीच्या नादाला लागू नगंस गं पोरी, ऐन परीक्षेत पोट बोंबलतंय."

गोदावरी खुदकन हसली. गालाला खळी पडायची तिच्या. मी कंबरेला टेप लावला. तीस.

"सैलच शिवा," उज्वलाबाई म्हणाल्या. "अंग धरंल आता."

"आत दोन बोटं कापड दाबून ठिवते. गुरुवारी चारला न्या."

"गुरुवारीच व्हय? आमचा तिकडचा टेलर तर उद्या या, उद्या या, करत दिवाळी आणतो."

"माझ्या दुकानात उद्या नसतो," मी म्हटलं. जरा तुसडेपणानंच म्हटलं असेन, कारण बाई पिशवी आवरायला लागल्या.

त्याला कारण होतं. त्र्याण्णव साली मी अठरा वर्षांची होते. दुकान अब्बांचं, पाशामियाँ टेलर. काजं, बटणं आणि तुरपाई माझ्याकडे. गणपती विसर्जनाच्या दिवशी किल्लारीकडच्या एका खेड्यातल्या सरजाबाई तीन पोरींना घेऊन फ्रॉक न्यायला आल्या. फ्रॉकांना बटणं लावायची राहिली होती. "मग राहते की इथं बहिणीकडं, सकाळी नेते," त्या म्हणाल्या. मला मिरवणूक बघायची घाई. मी म्हटलं, "सकाळी बी न्हाई व्हायचे, मावशी. गावाकडं जावा, उद्या संध्याकाळी या." त्या शेवटच्या गाडीने गेल्या. पहाटे जमीन हलली. त्या गावात सरजाबाईंचं घर उरलं नाही आणि घरातलं माणूसही उरलं नाही.

बटणं लावायला अर्धा तास लागला असता. नंतर मी ती लावली. ते तीन फ्रॉक आजही माझ्या पेटीत आहेत. तेव्हापासून पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकाला उद्या म्हणाले नाही. वार सांगायचा, वेळ सांगायची, त्या वेळेला कपडा हातात द्यायचा. लोकांना वाटतं, बाई धंद्याची पक्की आहे.

ऑगस्टमध्ये गोदावरी परत आली. हातात केळ्यांची फणी. "आईनं पाठवलेत, तुमच्यासाठी. आन् चाची, ड्रेस जरा आत घ्या ना."

"फिटिंगची हौस व्हय? आय म्हणती सैल, लेक म्हणती टाईट!" मी तिला यथेच्छ चिडवलं, दीड इंच आत घेतला आणि केळी खाल्ली. गोड होती. पंधरा दिवसांनी परत फणी आली, मग परत. मी शेजारणींना वाटली, वर कौतुकही केलं, की पोर गुणाची आहे, माया लावते.

गणपती उठल्यावरच्या मंगळवारी ती पुन्हा आली. "अजून आत घ्या, चाची."

ड्रेस हातात घेतला तर आत घ्यायला जागाच नव्हती, शिवण शिवणीला भिडली असती. मी वहीत बघितलं. मग टेप लावला. पंचवीस. माझा विश्वास बसेना, परत लावला. बोटांना ओढणीखालून फासळी लागली. खळीच्या जागी खड्डा होता.

"पोरी, तू जेवतीस का?"

"हाव की."

"काय जेवलीस सकाळी?"

तिनं ओढणी पोटावर ओढून घेतली. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आईनं केळी माझ्यासाठी पाठवली नव्हती. लेकीसाठी पाठवलेली केळी लेक मला आणून देत होती आणि मी, शहाणी, मिटक्या मारत होते. या रजियाला जगाचं माप घेता येतं, समोरची पोर वाळून काटकी झाली ते दिसलं नाही!

हळूहळू बोलली. चाचणीत मार्क कमी पडले म्हणून तिला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकलं होतं. मेसमध्ये पोरी बॅचप्रमाणे बसायच्या. आधीच्या मैत्रिणींसमोरून ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस टाळलं, दोन दिवस टाळलं. मग भूकच लागेनाशी झाली.

"शुक्रवारी मोठ्या चाचणीचा निकाल हाय," ती म्हणाली. "शुक्रवारी हाच ड्रेस घालायचाय मला. त्याच्यानंतर न्हाई लागला तरी चालंल."

तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला आधी नीट ऐकूच आलं नाही. ऐकू आलं तेव्हा हातातली कात्री मी खाली ठेवली.

"चालंल म्हंजे?"

"काय न्हाई. कधी नेऊ?"

दहा मिनिटांचं काम होतं. बाजूचं कापड कापून ड्रेस बसवला असता. पण ड्रेस दिला असता तर ही पोर परत कशाला आली असती? माझ्या दुकानात यायला तिच्याकडे दुसरं काही कारण नव्हतं. जिभेवर एकच शब्द आला. अल्ला, हाच शब्द का?

"उद्या ये," मी म्हटलं. "आन् दुपारच्याला ये, मी जेवायच्या टायमाला. एकटीला घास उतरत न्हाई मला."

ती गेल्यावर मी उज्वलाबाईंना फोन लावला. "परवाच बोलली, जेवते म्हणली," त्या म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, शुक्रवारचंही. पलीकडे रडू फुटलं. सासूबाई नांदेडला दवाखान्यात, ऑपरेशन झालेलं, जवळ दुसरं कोणी नाही. "गुरुवारी सोडतेत. शुक्रवारी पहिल्या गाडीनं निघते. तवर बघा, भाभी, तुमच्या पाया पडते." हॉस्टेलच्या बाईंनाही जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "चाची, या सीझनला सगळ्याच पोरी वाळतेत."

बुधवारी ती आली. मी भाकरी आणि येसर आमटी पुढे सरकवली आणि मशीनवर तिचाच ड्रेस घेतला. चार घास खाल्ले. "झाला का?" "गळ्याची पट्टी वाकडी बसली बघ. उद्या ये." ती गेली की मी उसवायची. गुरुवारी अर्धी भाकरी खाल्ली. मला वाटलं, जिंकले. पण निघताना तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी लई चांगल्या हाव, चाची." पोरी असं निरोपाचं बोलत नाहीत. संध्याकाळी परत हॉस्टेलवर गेले आणि तिच्या खोलीतल्या मुलीला, अर्शीला, हात जोडून सांगितलं, आज हिला एकटी सोडू नको.

शुक्रवारी सकाळी मी ड्रेस खरोखर पूर्ण केला. इस्त्री केली. काय सांगावं, निकाल चांगला लागेल. नऊला यायचं होतं तिला. साडेनऊ झाले. मी सारखी रस्त्याकडे बघत होते. पावणेदहाला अर्शी धावत आली. "निकाल लागला. गोदा अजून खालच्या बॅचला गेली. आतून कडी लावलीय, बोलत न्हाई."

शटर तसंच उघडं टाकून, ड्रेसची पिशवी छातीशी धरून मी पळाले. तीन जिने. हॉस्टेलच्या बाई दार बडवत होत्या, शिव्या घालत होत्या. मी त्यांना म्हटलं, "तुमी खाली जावा, दार तोडायला मानसं आणा. हितं वरडू नका." मग मी दाराला टेकून फरशीवर बसले.

"गोदा, मी हाय."

आत काही हललं. म्हणजे होती. या खुदा, होती!

"झाला का ड्रेस?" आवाज अगदी बारीक होता.

पिशवीत झालेला ड्रेस होता. इतकं सुरेख फिटिंग मी वर्षात केलं नसेल. मी तो बाहेर काढला, बाहीची शिवण दातांत धरली आणि कचकन तोडली. दोन हातांनी ओढून बाही पार उसवली. मुद्दाम केलं. त्या पोरीशी मला खोटं बोलायचं नव्हतं.

"न्हाई गं," मी म्हटलं. "बाही राहिली. माप घ्यावं लागंल तुझं."

मी मोजत होते की दुआ मागत होते, आठवत नाही.

"मग कधी होईल?"

"उद्या," मी म्हटलं. "उद्या ये, गोदा. उद्या नक्की."

कडी निघाली.

आत पुस्तकं सुतळीनं बांधून ठेवली होती, वर चिठ्ठी होती, 'आईला द्या'. मी चिठ्ठी उचलून पोलक्यात घातली, वाचली नाही. तिला खाटेवर बसवलं, गळ्यातला टेप काढला आणि तिच्या दंडाचं माप घेतलं. मग मनगटाचं. मग पुन्हा दंडाचं. ती रडत होती आणि मी आकडे मोठ्यानं म्हणत होते. बाहीला एवढी मापं लागत नाहीत, हे तिलाही कळलं असणार. पण तिनं हात मागे घेतला नाही. जिन्यावर उज्वलाबाईंच्या चपला वाजेपर्यंत मी तिचं माप घेत राहिले.