हरभऱ्याची शुगर

झरीच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मानवतहून जीप भरभरून आल्या होत्या. आत तांबडेबाबा पाटावर बसला होता. पुढ्यात पितळी हंडा, पांढरं चिनी मातीचं ताट आणि लाल तीर्थाची बाटली.

"धुवा हात, भगवानराव. रोग पान्यात उतरू द्या."

भगवानरावांनी ताटावर हात धरले. चेल्यानं हंड्यातलं पाणी सोडलं. बाबानं त्यात पळीभर तीर्थ टाकलं आणि बघता बघता त्याचा लाल रंग निळा-काळा झाला, शाई सांडल्यासारखा. गर्दीतून "अगं माय!" असा एकच सूर निघाला.

"बघा! धा वर्सांची शुगर कशी वर आली! देवीच्या रक्तातून उगवलेलं हिमालयातलं फळ हाय हे. डॉक्टरची मशीन झक मारती याच्यापुढं. सुई बंद, गोळ्या बंद! त्या विषानंच शुगर पोसली. दिवसातून तीन गिलास तीर्थ घ्या. पिऊन कट्टाळा आला तर शिऱ्यात घाला, भगरीत घाला, पुऱ्यांचं पीठ मळा. अकराव्या दिवशी ताट लाल राहील. न्हाई राहिलं तर माजी जटा कापा!"

जटेच्या मुळाशी काळा दोरा बांधलेला भगवानरावांच्या बायकोला, मनकर्णेला दिसला होता. पण तिला ताट जास्त खरं वाटलं. नवऱ्याला इथं तीच घेऊन आली होती.

मनकर्णा शाळेत पोरांचा आहार शिजवायची. घरी तिनं तीर्थाचा शिरा केला, पुऱ्या केल्या. भगवानराव बोटं चाटत म्हणाले, "कितीक वर्सांनी गोड खायलोय. देव असावा तर असा!"

चौथ्या दिवसापासून त्यांना तहान आवरेना. घागर रिकामी व्हायची, लघवीला सारखं जावं लागायचं. बाबाला निरोप गेला. उत्तर आलं, "रोग बाहेर पडायलाय." आठव्या दिवशी ते अंथरुणातून उठले नाहीत. दमलेत, निजू द्यावं, असं म्हणून ती शाळेत गेली.

शाळेच्या बोअरच्या पाण्यात हरभरा शिजत नाही, म्हणून ती भिजवतानाच मूठभर खायचा सोडा टाकायची. पातेलं समोर होतं. पिशवीतल्या बाटलीत तळाला चार घोट उरले होते. तीर्थ पायदळी टाकता येत नाही. लेकरांच्या मुखी जाऊ दे, पुण्य लागेल, असं म्हणून तिनं ते पातेल्यात ओतलं.

पाणी निळं-काळं झालं.

लेकरांना रोग? पण लेकरांनी तर पातेल्याला हातही लावला नव्हता. तिनं पळीनं हरभरा वरखाली केला. मग स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "हरभऱ्याला कुठून आली शुगर?"

दारावरून जाणाऱ्या शाळेतल्या शिक्षिका धम्मशीला मॅडमना हसू आलं. तिचा चेहरा पाहून ते थांबलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन वाट्यांत साधं पाणी घेतलं, एकीत सोडा टाकला आणि दोन्हींत बाटलीतले शेवटचे थेंब झटकले. साधं पाणी गुलाबी झालं. सोड्याचं निळं झालं. निळ्यात लिंबू पिळलं, तर तेही गुलाबी.

"मावशी, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना? तसंच हे. रोग न्हाई, हंड्यात सोडा हाय."

मग त्यांनी बाटलीवर चिकटवलेलं देवीचं चित्र पाण्यानं सोडवलं. खाली दुकानातला कागद होता. मॅडमनी वाचला. "क्रॅनबेरीचं गोड सरबत. परदेशातलं आंबट फळ. फळाचा दोष न्हाई, पण यात रस थोडा, बाकी पाणी आणि साखर. गिलासाला सहा-सात चमचे."

"साखर?" मनकर्णा एवढंच म्हणाली आणि चप्पल न घालता पळत सुटली.

घरी भगवानरावांचा श्वास भात्यासारखा चालला होता. तोंडाला नासक्या फळाचा वास येत होता. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, "औषध कधी बंद केलं?"

"आठ दिवस झाले. मीच केलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

बाबानं सांगितलेल्या अकराव्या दिवशी मनकर्णा शेडमध्ये उभी राहिली. बाबा हसून म्हणाला, "भगवानराव कुठायत? आज त्यांचं ताट लाल व्हायचं!"

"ते न्हाई आले. मी बघते ताट."

कुणी अडवायच्या आत तिनं हंड्यातलं पाणी ताटात ओतलं. त्यात कुणी हात धुतला नव्हता. तिनं पळीभर तीर्थ टाकलं. ताट निळं-काळं.

"बाबा, हा रोग कुणाचा?"

बाबा ताडकन उठला. "ही बाई सुतकात हाय! हिच्या हातानं तीर्थ बाटलं!"

दोन-चार बाया मागं सरकल्या. मनकर्णा जागची हलली नाही.

"हाय सुतक. कुणाचं, ते विचारा की याला."

विचारायची गरजच उरली नव्हती. एका म्हाताऱ्यानं पडदा ओढला. मागं दुसरा हंडा निघाला, साध्या पाण्याचा, 'बऱ्या झालेल्यांचं' ताट लाल राहावं म्हणून. शेजारी सोड्याची पोती आणि सरबताची खोकी. मागच्या दारानं बाबा पळाला. जटा खिळ्याला अडकून राहिली. पण हसू कुणालाच आलं नाही.

"सुई-गोळ्या कुणी कुणी बंद केल्यात? हात वर करा," मनकर्णा म्हणाली. आधी एक हात वर झाला. मग सगळे मिळून एकवीस.

"रंग बघून मी माणूस घालवला. पानी कसलं, बाटलीत काय, एवढंबी विचारलं न्हाई. तुमी विचारा. आन् आता चला, परभणीची गाडी यायलीय."

चौदा जण तिच्याबरोबर गाडीत बसले. सात जण ताटापुढं बसून राहिले, बाबा परत येईल म्हणून. त्या सातांसारखं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्याच्याशी भांडत बसू नका. हाताला धरून त्याला आजच्या आज दवाखान्यात न्या.