पेटीतला पतंग

पेटीचं झाकण उघडलं आणि पतंगाचा उजवा पंख माझ्या डोळ्यांदेखत गळून पडला.

वीतभर रुंदीचा ॲटलास पतंग. एकतीस वर्षांपूर्वी चिंचोटीच्या वाटेवर मला मेलेला सापडला. पंख पसरून टाचणीवर लावला तोही मीच. चिठ्ठीवर मात्र संग्राहक म्हणून तेव्हाच्या सरांचं नाव. कॉलेजात लॅबच्या शिपायाचं नाव कोण लिहितो? यंदा प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या अनुष्का मॅडमनी हट्टाने नवी चिठ्ठी करून घेतली होती : संग्राहक, सेबेस्टियन तुस्कानो. शुक्रवारी मी निवृत्त होणार, त्याच दिवशी ती लावायची. बायकोने, फिलोमिनाने, साडीसुद्धा काढून ठेवली होती.

मॅडमनी भिंग धरलं. धड आतून पोखरलेलं, पंखाखाली तपकिरी भुसा आणि तिळाएवढा, ठिपक्याठिपक्यांचा एक भुंगेरा.

माझं डोकंच फिरलं. या पतंगाला खायला तोंडच नसतं. कोषातून निघतो, आठवडाभर उपाशी जगतो आणि मरतो. आणि हा भुंगेरा! याच्या अळ्या मेलेल्यालाही सोडत नाहीत. लोकर, केस, पंख, मिळेल ते खातात. एकतीस वर्षं मीही त्या पतंगासारखाच तोंड न उघडता राहिलो, त्याचं हे फळ.

डांबरगोळ्यांसाठी मी तीनदा अर्ज केला होता. ऑफिसातल्या एकेकाचा मी तिथे उभ्या उभ्या उद्धार केला. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांची नजर कपाटावरच्या छोट्या क्रुसाकडे गेली. वटारच्या आमच्या वाडीतली शेवंती मी रोज त्याला वाहायचो. एका फुलावर तसाच भुंगेरा पराग खात बसला होता.

"हे मोठे झाले की फुलांवर जगतात, सेबेस्टियनकाका," मॅडम हळूच म्हणाल्या. "अंडी घालायला कपाटात शिरतात."

"म्हंजे मीच आनला."

मॅडमनी नवी चिठ्ठी पुढे सरकवली. ही तरी लावू, असं म्हणाल्या.

"पतंगच नाय, तर नाव कोनाखाली लावता?"

मग मीच पेटीतला तो भुंगेरा चिमट्याने उचलला, कागदाच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवला आणि टाचणीवर चढवला. खाली माझ्या अक्षरात लिहिलं : ठिकाण वटार. संग्राहक सेबेस्टियन तुस्कानो. एवढं तरी खरं होतं.

शुक्रवारी फिलोमिना आली. मॅडमनी तिच्या हातात भिंग दिलं. तिने क्षणभर किडा पाहिला, मग भिंग खाली सरकवलं आणि माझं नाव वाचत उभी राहिली.