माझी एक पुसलेली रेघ

मी एक जुना गुंडाळीचा फळा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, भिंतीवरच्या फळ्याशी माझं पटत नाही. तो जन्मभर एका जागी बसून असतो आणि तरी मान त्यालाच. माझ्या काळ्या रेक्झिनवर मात्र कारखान्यातच पांढऱ्या रेघांचे चौकोन छापले. वर-खाली लाकडी दांडे बसवले आणि मालेगावच्या दुकानातून मी या शाळेत आलो.

आलेख काढायचा झाला की मलाच बोलावणं यायचं. मला खिळ्याला टांगायला मुलं भांडायची. पुढे वर्गात मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. त्याआधी कुणीतरी हौसेनं मला ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं होतं. खडू गेला, पण माझी एक उभी रेघही मधूनच नाहीशी झाली. तिथे दोन चौकोनांचा एक झाला. वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला?

यंदा दिवाळीनंतर वीज गेलेल्या एका दुपारी वैष्णवी मॅडमनी मला खाली काढलं. बारावीला रेषीय नियोजन शिकवायचं होतं. नाव भारदस्त, पण गोष्ट साधी आहे. कामं दोन, साधनं मोजकी. मग कोणतं काम किती करावं म्हणजे सगळ्यात जास्त हाती लागेल? प्रत्येक अटीची एक रेघ काढायची. सगळ्या रेघांच्या आत जी जागा उरते, तेवढंच शक्य. आणि सगळ्यात चांगलं उत्तर त्या जागेच्या कुठल्या तरी कोपऱ्यावर सापडतं.

पुस्तकात टेबल-खुर्च्यांचं उदाहरण होतं. तांड्यावरची निता उठली. "मॅडम, आमच्या वावराचं मांडू का?"

त्याच दुपारी तिचे आई-वडील, कमलीबाई आणि राजपाल, तिला न्यायला येणार होते. गेल्या वर्षी त्यांनी चारही एकरांत गहू पेरला, संक्रांतीला विहीर आटली आणि गहू उभा वाळला. म्हणून यंदा वावर पडीत ठेवून सगळ्यांनी ऊसतोडीला जायचं ठरलं होतं. म्हणजे निताची बारावीची परीक्षा बुडाली.

निताने अटी मांडल्या. जमीन चार एकर. विहीर हिवाळाभर पाण्याच्या बारा पाळ्या देते. एक पाळी म्हणजे एक एकर एकदा भिजवणं. गव्हाला एकरी चार पाळ्या लागतात, हरभऱ्याला दोन. गहू एकरी बारा पोती, हरभरा आठ. एका चौकोनाला एक एकर, गहू आडवा आणि हरभरा उभा धरून तिने पहिली रेघ जमिनीची काढली, दुसरी पाण्याची. कितीतरी वर्षांनी कुणी माझ्याकडे इतक्या आशेनं पाहत होतं.

तेवढ्यात राजपाल आणि कमलीबाई दारात आले. मॅडमनी त्यांना बाकावर बसवलं. निताने रेघा मिळाल्या त्या कोपऱ्यापर्यंत चौकोन मोजले.

"बा, गहू एक एकर, हरभरा दोन. अठ्ठावीस पोती."

"अठ्ठावीस पोत्यात वरीस निंगत नाई, बाई," म्हणत राजपाल उठलेच. "इथं राहून काय करू? चाल, सामान बांध."

निताचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची नव्हतीच! रेघा काढताना तिने कडेने मोजलं, तिथे मी शाबूत होतो; पण मधे माझी रेघ पुसली होती तिथे तिने गव्हाचे दोन चौकोन एकच धरले होते. आणि मला मेल्याला तोंड नाही.

बोलल्या त्या कमलीबाई, शाळेत कधी न गेलेल्या. बोटांवर मोजत म्हणाल्या, "थांबा जी. एक आन् दोन, तीन झाले. चवथा एकर कोनाले देला?"

मॅडम चमकून पुढे आल्या. त्यांनी माझ्यावर पट्टी टेकवली आणि गेलेली रेघ खडूने ओढली. "निता, आता मोज."

"दोन एकर गहू, दोन एकर हरभरा," निता म्हणाली. "पानी बरोब्बर बारा पाळ्या. पोती चाळीस!"

मॅडमनी बाकीचे कोपरेही तपासून घेतले. चारही एकर हरभरा तर बत्तीस पोती, नुसता तीन एकर गहू तर छत्तीस.

राजपाल माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "आन् विहिरीनं दहाच पाळ्या देल्या तं?"

"मंग पान्याची रेघ आत सरकवाची, बा. कोपरा बदलते. पुन्ना मोजा लागते."

"कोन मोजन?"

"मी."

राजपाल कमलीबाईंकडे वळून म्हणाले, "म्हंजे पोरगी तं इथंच पायजे. आन् आपन बी."

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी निताने पांढऱ्या रंगाने माझी रेघ पक्की केली. मी सुखावलो, पण अजूनही मनात धस्स होतं. माझ्या अंगावरच्या एका रेघेपायी एका मुलीचं वर्ष जात होतं. शाळेतली जुनी वस्तू कपाटावर टाकण्याआधी जरा विचार करा. ती कोरड्या फडक्यानं पुसा, मोडली असेल तर दुरुस्त करा. आणि उत्तर आलं की ते एकदा अटींशी ताडून बघा.

गव्हाला दुसरी पाळी देऊन झाली आहे. निता रोज शाळेत येते.