कोपऱ्यातली अडचण

कपाटवाल्याची शाळा आठवीतच सुटली, पण कॉम्प्युटरवर नकाशे काढायला तो आपला आपण शिकला, आणि खोलीची मापं भरली की भिंतभर कपाट आपोआप आखून देणारी स्क्रिप्टही त्याने स्वतःच लिहिली. गिऱ्हाईक चकित होऊन म्हणायचं, "एवढ्यात झालं?" तर हा म्हणायचा, "मशीन मध्येच गप्पा मारत नाही ना!"

आज मात्र दुकानात बसून चालवलेली ती स्क्रिप्ट अडून बसली होती. थोरल्या बहिणीने उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलं होतं, सकाळपासून ती तिथे एकटीच झाडलोट करत होती, आणि कपाट देण्याचा शब्द याने दिला होता. नकाशा चारच्या आत फळ्या कापणाऱ्या कारखान्यात गेला नाही, तर पुढे तो पंधरा दिवस बंद. पण खिडकीजवळच्या कोपऱ्याशी आलं की पडद्यावर तेच: 'जागा रिकामी नाही.' त्याने एकेक ओळ तपासली, नव्या फाइलमध्ये नुसत्या चार भिंती काढून पाहिल्या, व्यर्थ. शेवटी अडचणीचं मापच छापायला लावलं. दीड फूट रुंद, एक फूट खोल, उंची पाच फूट सात इंच.

त्याने फोन लावला. "ताई, खिडकीच्या कोपऱ्यात काही सामान ठेवलंयस का?"

"सुतळीचा तोडासुद्धा नाही. तुझी चूक माझ्या गळ्यात घालतोस होय रे?"

तो हसला. स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर अडचण कोपऱ्यापासून दोन फूट पुढे. पुन्हा चालवली, खोलीच्या मधोमध. आता त्याचं बोट थांबेना. पुढच्या खेपेला ती उंबऱ्यावर होती, आणि त्यानंतर कपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत विनातक्रार आखलं गेलं. चाराला दहा कमी असताना नकाशा कारखान्यात पोचला.

"झालं, ताई!"

"सुटले बाई! तुझा तो मापं घेणारा माणूसही आत्ताच गेला. सकाळपासून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, पाणी पुढे केलं तरी वळेना. कुठून आणतोस रे असले नग?"

मापं घ्यायला कपाटवाला आजवर स्वतःच जात आला होता.

"काही बोलला?"

"छे! मीच म्हटलं, आमचा धाकटा दुकानातच बसलेला असतो. तेव्हा कुठे पहिल्यांदा मान हलवली."

फोन ठेवून कपाटवाल्याने स्वतःच्या दुकानाचा नकाशा उघडला. स्क्रिप्ट सुरळीत चालली. कुठेच अडली नाही.

त्याने ती पुन्हा चालवली.